काउबॉय गावची शेरीफ

आमच्या घराण्यात घोड्यावर बसले ते फक्त नवरदेव, आणि तेही तासाभरापुरते, दुसऱ्या कुणीतरी लगाम धरलेला असताना. आजोबा बसले, काका बसले, माझे वडील नाना बसले. नानांच्या वरातीचा फोटो आमच्या सिकंदराबादजवळच्या नारायणगुड्याच्या घरात कपाटावर ठेवलेला असायचा. त्यात त्यांनी दोन्ही हातांनी खोगीर असं आवळून धरलंय की लग्नापेक्षा पडण्याचीच चिंता जास्त दिसते. त्या घरातली मी घोड्यावर बसले, एकटी बसले, डोक्यावर हॅट आणि कमरेला पिस्तूल लावून दोन वर्षं बसले. हे लिहून ठेवायला हवं, कारण माझ्याच भाच्यांना ते आता खरं वाटत नाही. ‘मावशी, तू काउबॉय होतीस?’ असं विचारतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. होते. हसा हवं तेवढं.

तेव्हा मी कॉलेज संपवून घरी बसले होते आणि नानाही घरी बसले होते. माझं बसणं साधं होतं, नोकरी मिळत नव्हती. नानांचं बसणं अवघड होतं. देशात नवं आर्थिक धोरण आलं तसं त्यांच्या सरकारी कारखान्याने पन्नाशीतल्या माणसांना घरी पाठवायला सुरुवात केली. कागदावर ‘स्वेच्छा’ असा शब्द होता, पण इच्छा नानांची नव्हती. कारखान्याची बस अजूनही सकाळी सातला गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवायची, आणि नाना दाढी-आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत उभे राहायचे. बस निघून गेली की शर्ट काढून खुंटीला लावायचे. आई चुलीशी, म्हणजे गॅसच्या शेगडीशी, पाठ वळवून भाकरी थापत राहायची. त्या दिवसांतला आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे आईच्या हाताखालच्या भाकरीचा. नाना खिडकीशी असले की ती जरा जोरात थापायची, असं मला आता वाटतं. मग अंबाड्याची भाजी, चिंचेचं आंबट वरण आणि शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या गच्चीवरून केबलची वायर आमच्या खिडकीतून नुकतीच आत आली होती. जेवताना नाना पहिल्यांदाच टीव्हीकडे तोंड करून बसायला लागले. अमेरिकेतल्या लोकांची भांडणं बघत आम्ही अंबाड्याची भाजी खायचो.

शहराबाहेर, जिथे मोठमोठे काळे दगड एकमेकांवर तोल सांभाळून बसलेत, तिथे एक अम्यूझमेंट पार्क उघडणार होता. मालक अमेरिकेला जाऊन आले होते. तिथल्या कुठल्याशा पार्कात त्यांनी काउबॉयचं गाव बघितलं आणि फोटो काढून आणले. आपले दगडही अगदी तसेच दिसतात, असं त्यांच्या मनाने घेतलं. पेपरात जाहिरात आली: स्मार्ट मुली पाहिजेत, इंग्रजी आवश्यक. माझं इंग्रजी जामबागेतल्या कॉलेजचं, व्याकरण पक्कं आणि बोलताना घाम. मुलाखतीला मॅनेजर राव सर होते, गोल चेहऱ्याचे, कपाळावर गंधाची रेघ. त्यांनी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, तुला हसता येतं का? मी म्हटलं, कारण असलं तर येतं. ते स्वतःच हसले आणि मला घेतलं. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “हसायची नोकरी? आणि ते बी तिकीट काढून आलेल्यांपुढं?” नाना मात्र दुसऱ्या दिवशी बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. मला वाटतं, सकाळी कुठेतरी जायला मिळालं म्हणूनच त्यांना बरं वाटलं असावं.

पार्कात त्या भागाचं नाव ‘वेस्टर्न टाउन’ होतं. इमारती म्हणजे नुसते पुढचे चेहरे. समोरून दोन मजली लाकडी घर, मागे गेलं की बांबूचे टेकू आणि कामगारांचे वाळत घातलेले कपडे. एक बँक, एक तुरुंग, आणि झुलत्या दारांचं एक ‘सलून’. अमेरिकेत तिथे दारू पितात, हे मला तेव्हाच कळलं. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना तेही माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारबाबा तिकीट काढून आत आले, सलूनमधल्या खुर्चीवर बसले आणि हनुवटी वर करून दाढी करून मागायला लागले. मी लांब घेराचा फ्रॉक घालून त्यांच्यापुढे थंड पेयाची बाटली धरलेली. ते म्हणाले, आधी दाढी. शेवटी माळ्याने आपला वस्तरा आणला आणि काउबॉयच्या सलूनमध्ये दाढी झाली, तेव्हाच ते उठले. त्या जागेवर आधी खरे निवडुंग होते. ते बुलडोझरने काढून तिथे सिमेंटचे निवडुंग लावले, हिरव्या ऑइलपेंटचे. इतकं वेड्यासारखं होतं सगळं. आणि तरीही सकाळी गेट उघडायच्या आधी त्या रिकाम्या लाकडी रस्त्यावरून चालताना मला वाटायचं, इथे मला कुणी कुणाची मुलगी म्हणून ओळखत नाही. नारायणगुड्यात मला तसं कधीच वाटलं नव्हतं.

घोडे वरातीतले होते. अफझलगंजच्या मागे, नदीच्या अंगाला तबेला असलेल्या महबूबभाईंनी चार घोडे पार्काला लावून दिले होते. महबूबभाई साठीचे, मेंदी लावलेली दाढी, आणि त्यांच्या घरात तीन पिढ्या घोडेच. घोडे त्यांना लेकरांसारखे. “काउबॉय म्हणे,” ते हसायचे, “अरे गाय तो दिखाओ पैले!” घोड्यांची एकच अडचण होती. जन्मभर नवरदेव वाहिलेले ते. बँडचा आवाज कानावर आला की ते नाचायला लागायचे. पुढचे पाय आलटून पालटून उचलायचे, मान डोलवायचे. पार्कातल्या मुलांच्या रेल्वेला बँडची धून लावलेली होती. पुढे बँक लुटायचा खेळ सुरू झाला तेव्हा रेल्वे जवळून गेली की लुटायला निघालेले दरोडेखोर घोड्यावर ठुमकत थांबायचे.

मी महबूबभाईंना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार, पोरीच्या जातीला काय करायचंय. ते म्हणाले, “सवेरे जल्दी आना पडता. फ्रॉक में नै.” मी सलवार घालून जायला लागले. पांढऱ्या घोडीचं नाव शहजादी. पहिले आठ दिवस मी पडत होते. महबूबभाई उचलायला कधी आले नाहीत. लांबून एवढंच म्हणायचे, “घोडी को गाली नक्को दो. तुम डरते सो उसकु मालूम होता.” घरी आई माझ्या कोपरांना हळद लावायची आणि विचारायची, “हसायच्या नोकरीत एवढं खरचटतं कसं गं?”

त्या भागाचा पहिला भर वर्षभरात ओसरला. नुसते लाकडी चेहरे बघायला लोक दुसऱ्यांदा येईनात. मग मालकांनी तिथे खेळ सुरू केला. दरोडेखोर बँक लुटतात, बँकवाल्याच्या मुलीला पळवून खांबाला बांधतात. मग शेरीफ, म्हणजे त्या गावचा फौजदार, घोड्यावरून येतो आणि तिला सोडवतो. शेरीफ होता रॉनी, सिकंदराबादचा, गिटार वाजवणारा, दिसायला देखणा. दरोडेखोरांचा म्होरक्या यादगिरी, सिनेमात मारामाऱ्या केलेला, अंगाने पहाड आणि स्वभावाने लाजाळू. मुलीचं काम करणारी लग्न होऊन गेली आणि राव सरांनी मला उभं केलं. माझं काम सोपं होतं: किंचाळायचं, बांधून घ्यायचं, वाट बघायची. रॉनीपेक्षा मी घोडा चांगला चालवते हे तबेल्यात सगळ्यांना माहीत होतं. रॉनीलाही होतं.

एका रविवारी दुपारी, खच्चून गर्दी असताना, मला खांबाला बांधलेलं होतं. हात मागे, दोरी पक्की. यादगिरी लुटीची पिशवी घेऊन बाजूला झाला होता आणि रॉनी तुरुंगामागे आपल्या वेळेची वाट बघत होता. पुढच्या रांगेतून तीन पुरुष प्रेक्षकांपुढे बांधलेला दोर ओलांडून आत आले. चांगले कपडे, चांगल्या घरचे. एकाने माझ्या डोक्यावर बाटलीतलं पेय ओतलं. दुसऱ्याने गालाला हात लावला, आणि मग गालापाशी थांबला नाही. मी ओरडले. पण ओरडणं माझ्या कामातच होतं. लोक हसले. लाउडस्पीकरवर घोड्यांच्या टापांची कॅसेट चालू होती. मी यादगिरीकडे बघितलं, तोही हसत होता, त्याला वाटलं खेळात काहीतरी नवं घातलंय. मी मराठीत शिव्या दिल्या. त्या त्यांना कळल्या नाहीत. मग टापांची कॅसेट संपली, रॉनी आला, ते तिघे टाळ्या वाजवत आपल्या जागेवर जाऊन बसले आणि उरलेला खेळ त्यांनी बसून बघितला.

मला आता लोक विचारतात, तक्रार का नाही केलीस? केली होती. ओल्या फ्रॉकने सरळ राव सरांच्या खोलीत जाऊन केली. ते वाईट माणूस नव्हते, त्यांचा चेहरा पडला. पण म्हणाले, “क्या करना अम्मा, पब्लिक है. तिकीट लेके आते.” मी म्हटलं, तिकीट खेळाचं होतं, माझं नव्हतं. ते म्हणाले, पुढच्या रविवारी दोराजवळ एक वॉचमन उभा करतो. मी म्हटलं, वॉचमन नको, मी बांधून घेणार नाही. ते म्हणाले, मग खेळ कसा होणार? बांधून घ्यायचं नसेल तर उद्यापासून दुसरी मुलगी बघतो. मी विचारलं, तिला बांधणार? त्यांनी कागदांत डोकं घातलं.

घरी गेले. आईने फ्रॉक बघितला, माझा चेहरा बघितला, आणि काही न विचारता पाणी तापायला ठेवलं. जेवताना मी सगळं सांगितलं. नानांनी टीव्ही बंद केला. “उद्यापासून जायचं नाही,” ते म्हणाले. ते माझ्यावर नव्हे तर त्या तिघांवर चिडलेत हे मला कळत होतं, पण शिक्षा मात्र मला होत होती.

“मी का नाही जायचं?” मी म्हटलं. “मी काय केलंय? नाना, तुम्ही काही केलं नव्हतं तरी तुम्हाला घरी बसवलं. तुम्ही बसलात. मी बसणार नाही.”

असं बोलायला नको होतं. पण बोलले ते बोलले, आणि आज इतक्या वर्षांनीही ते मागे घ्यावंसं मला वाटत नाही. नाना हात न धुता तसेच उठून खिडकीशी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दोरीवर कपडे घालत होती. तिचं माहेर उदगीरकडचं, शेतकऱ्याचं, दावणीला दहा जनावरं. तिने कपड्यांची दोरी सोडली आणि माझ्यापुढे धरली. “म्हैस कशी बांधायलेत ठाऊक हाय का तुला? गोठ्याला आग लागली तर गाठ सोडत बसायला येळ नसतो. एका हिसक्यात सुटाया पायजे. बघ.” तिने खिडकीच्या गजाला दोरी वेढली, एक फास काढला, टोक त्यातून अर्धवट ओढलं. बघणाऱ्याला करकचून बांधल्यासारखी दिसणारी सुरगाठ. टोकाला हिसका दिला तशी दोरी भुईवर. “जायचंच असलं तर जा,” ती म्हणाली. “पण लोकांच्या गाठीनं बांधून घेऊ नको.” मग मला पंधरा वेळा बांधायला लावली, पाठीमागे हात करून पंधरा वेळा सोडायला लावली. नाना दाराशी उभे राहून बघत होते. सोळाव्या वेळी ते पुढे आले, माझ्या मनगटाला दोरी त्यांनी बांधली आणि म्हणाले, “हं. ओढ.”

राव सरांना मी सांगितलं, येते, बांधून घेते. ते इतके सुटल्यासारखे झाले की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. यादगिरीला मी खरं काय झालं ते आधीच गाठून सांगितलं होतं. तो एवढा मोठा माणूस खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. “मैं हंस रा था,” तो म्हणत राहिला. मी त्याला गाठ शिकवली. महबूबभाईंना फक्त एवढं म्हटलं, शहजादीला खांबाजवळ बांधा. त्यांनी कारण विचारलं नाही. रॉनीला मात्र सांगितलं नाही, कबूल करते.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच गर्दी. वॉचमन कुठेच नव्हता. मला बांधलं, यादगिरी पिशवी घेऊन निघाला, टापांची कॅसेट लागली. पुढच्या रांगेतल्या एकाने शिट्टी मारली आणि एक पाय दोराच्या आत टाकला. तो त्या तिघांपैकी नव्हता. त्याने काय फरक पडतो? मी हिसका दिला. दोरी पडली. मी फ्रॉक कमरेला खोचला, खाली सलवार होतीच, आणि शहजादीवर चढले.

यादगिरीचा पाठलाग बाजूला ठेवला. आधी मी घोडी त्या माणसाकडे वळवली. चालतच नेली, पळवली नाही. तिचं नाक त्याच्या छातीला लागेपर्यंत नेली. तो एक पाय आत, एक पाय बाहेर असा अडकला होता.

“अब मारो सीटी,” मी म्हटलं.

टापांची कॅसेट संपली होती. त्याने ओठ हलवले, पण शिट्टी काही वाजली नाही. त्याने पाय मागे घेतला तेव्हा मागच्या रांगांतून टाळी आली, बायकांची. डब्यातला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, मांडीवर घेऊन बसलेल्या, लेकरं सांभाळत आलेल्या बायका. एक उठली, मग दोघी, मग सगळ्याच. तेवढ्यात मुलांची रेल्वे आली बँड वाजवत, आणि शहजादी नाचायला लागली. मी तिला थांबवलं नाही. नाचत्या घोडीवरून मी खोगिराला अडकवलेल्या टिकल्यांच्या पिस्तुलाने हवेत बार काढले. यादगिरी स्वतःहून परत आला, गुडघे टेकले आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली. रॉनी तुरुंगामागून आला तेव्हा त्याला सोडवायला कुणी उरलंच नव्हतं.

राव सरांनी मला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. दोन दिवसांनी परत बोलावलं, कारण गेटवर बायका विचारत होत्या, घोड्यावरची मुलगी किती वाजता असते? रॉनी माझ्याशी बोलेना. महिनाभर बोलला नाही, मग आखातात नोकरी लागली तसा निघून गेला. शेरीफने छातीवर लावायचा पत्र्याचा तारा मला कुणी मोठ्या मनाने दिला नाही. तो खुंटीवर पडून होता, मी घेतला. पुण्याहून एक स्थळ आलं होतं, मुलगा कॉम्प्युटरमधला. त्याच्या आईला कुणीतरी सांगितलं की मुलगी बंदूक घेऊन घोड्यावर असते. तिने नानांना विचारलं, हे खरं का? नाना म्हणाले, “रविवारी तीन खेळ असतात. दुसऱ्याला या, जागा मिळेल.” ती आली नाही.

दोन वर्षांनी मुंबईचे नवे भागीदार आले. त्यांच्या मते काउबॉय जुना झाला होता, लोकांना आता आपली संस्कृती हवी होती. सलूनवर गवताचं छप्पर चढलं, बँकेचं कुंभाराचं घर झालं, तुरुंगात चरखा आला. जिथे खरी खेडी उठवून पार्क केला तिथेच हे खोटं खेडं. घोडे वरातीत परत गेले. मला बोलावून सांगितलं, नऊवारी नेसून चुलीपुढे बसायचं, भाकऱ्या थापायच्या, लोक फोटो काढतील. मी म्हटलं, भाकरी आमच्या घरी माझी आई थापते, ती बघायला तिकीट लागत नाही. आणि बाहेर पडले. पुढे मी एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले आणि तीस वर्षं मुलींना पडायला आणि उठायला शिकवलं. तो भाग नंतर भुताचा वाडा झाला, मग काही वर्षं लेझरच्या बंदुकांचा खेळ, असं ऐकत होते. गेले नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीची मुलगी, माझी नात मीरा, हट्ट करून घेऊन गेली. काउबॉय परत आला होता, फोमचे दगड आणि प्लॅस्टिकचे निवडुंग घेऊन. मधोमध फुगवलेल्या गादीवर मशीनचा एक बैल, लोकांना पाठीवर घेऊन गरगर फिरणारा. पाटी होती: पन्नाशीवरील व्यक्तींना परवानगी नाही. मशीनपाशी कॉलेजातली वाटावी अशी मुलगी होती, डोक्यावर हॅट, छातीवर नाव, सौजन्या. मी चपला काढल्या.

“अम्मा, वद्दु, नक्को,” ती घाबरली. “गिर जाते आप.”

“गिरूंगी,” मी म्हटलं. “तू चालव.”

मीरा म्हणाली, आजी प्लीज, सगळे बघतायत. बघू देत. सौजन्याने इकडे तिकडे बघितलं, तिचा मॅनेजर लांब होता. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि बटण दाबलं. मी दहा सेकंद टिकले असेन. मग आकाश फिरलं आणि मी गादीवर पाठीवर पडले, चष्मा एकीकडे, केस एकीकडे. कुणीतरी हसलं. मीरा धावत आली आणि मला हात द्यायला लागली.

हात नको म्हटलं. उठले, चष्मा लावला, पदर खोचला आणि पुन्हा बैलावर बसले.

“हौ,” मी सौजन्याला म्हटलं, “अब जोर से.”